न मागता मिळालेली वर्दी

(दहावी २००९च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

 

खरं म्हणजे या मेळाव्याला मला बोलावलं कसं, हाच प्रश्न आहे. दहावी २००९ची तुकडी तुमची. मी आठवीची परीक्षा दिली आणि २००७च्या उन्हाळ्यात गाव सोडलं. माझ्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण ‘वडिलांची नोकरी परगावी’ असं लिहिलं आहे. परगाव म्हणजे सिंगापूर. पण दाखल्यातली ओळ तेवढीच होती, त्यामुळे परगावावर भागलं.

संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, “तू तिकडच्या मिलिटरीत होता ना, त्याच्यावर बोल.” गावात तशी बातमी आहे हे मला माहीत आहे. ती आमच्या आजोबांनी पसरवली. ते भेटेल त्याला सांगायचे, “आमचा नातू सिंगापूरच्या मिलिटरीत लागला.” आजोबांच्या हिशेबी सिंगापूर म्हणजे नेताजींचं गाव. १९४३ साली नेताजींनी आझाद हिंद सेनेची सूत्रं तिथंच हाती घेतली, त्यामुळे नातू तिथल्या पलटणीत गेला यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. पण आज सगळे समोर आहात तर एक दुरुस्ती करतो. मी मिलिटरीत लागलो नव्हतो. मला लावलं होतं.

आपल्याकडे सैन्यात जाणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. स्वतंत्र भारतात सक्तीची भरती कधीच झाली नाही. सिंगापूरचं तसं नाही. तो देश ९ ऑगस्ट १९६५ला मलेशियातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्याकडे सैन्य म्हणावं असं फारसं काही नव्हतं. आपल्या अकोला जिल्ह्यात सात तालुके आहेत. अख्खं सिंगापूर जेमतेम त्यातल्या एका तालुक्याएवढं. एवढ्याशा देशाला मोठी खडी फौज परवडणार कशी? म्हणून १९६७ साली त्यांनी कायदा केला. अठरा वर्षांचा झाला की प्रत्येक मुलगा सैन्यात, पोलिसांत किंवा अग्निशमन दलात जाणार. उभारणी करून द्यायला इस्रायलचे अधिकारी बोलावले होते, पण शेजारचे देश बिथरू नयेत म्हणून बाहेर सांगायचं की हे मेक्सिकन आहेत! आता मुदत दोन वर्षांची आहे. त्यानंतरही दहा वर्षं, वर्षाकाठी काही दिवस बोलावणं येतंच. मला अजून येतं.

यात परदेशी माणसाचा संबंध कुठं येतो? तर असा. माझ्या वडिलांना तिथं कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि त्यांच्या मागे आम्हा मुलांनाही मिळाला. वडिलांच्या पिढीला सैन्याची सक्ती नाही, त्यांच्या मुलांना आहे. म्हणजे परवाना बापाचा आणि वर्दी पोराला. नको असेल तर परवाना सोडून परत जाता येतं; पण तसं गेलं की पुढं तिथं शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं, तर ते आडवं येतं. तिथल्या भारतीय घरांतून मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की जेवणाच्या टेबलावर हा एकच विषय असतो. बरीच घरं मुलाला भारतात किंवा आणखी कुठं पाठवून देतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. आमच्याही घरी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची माहितीपत्रकं येऊन पडली होती.

मी थांबलो. लोक विचारतात का थांबलास, आणि मी काहीतरी भारदस्त सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. खरं कारण साधं आहे. बहिणीची शाळा चालू होती, वडिलांची नोकरी तिथं होती, मला एकट्याला पुण्यात राहायची भीती वाटत होती. दोन भीत्यांपैकी मी घराजवळची निवडली.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. आठवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा. त्याचं नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि हे सांगायची परवानगी मी काल त्याच्याकडून घेतली आहे. त्याला सातवीपासून फौजेत जायचं होतं. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला बारावीच्या वर्षी पहाटे घाटाच्या रस्त्यानं पळताना पाहिलं असेल. सैन्यभरतीत सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत काढावे लागतात, मग पुलअप, मग नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा. तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस. म्हणजे हाताशी फार तर तीन-चार संध्या. त्यानं पहिल्या दोन भरत्या धावण्यात घालवल्या, दोन्ही वेळा थोडक्यात.

२०१२च्या दिवाळीत मी त्याला फोन केला. मला बोलावण्याचं पत्र आलं होतं. मी पंधरा मिनिटं रडगाणं गायलो. दोन वर्षं वाया जाणार, बाकीचे कॉलेजात पुढं जाणार, जंगलात झोपावं लागणार, सुटका नाही. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “काऊन रडून राहिला बे? चाल, जागा बदलू. तू इकडं ये, मी तिकडं जातो.”

मी हसलो. तो हसला नव्हता, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

२०१३च्या सुरुवातीला मी दाखल झालो. पहिलं प्रशिक्षण पुलाऊ तेकोंग नावाच्या बेटावर होतं. पुलाऊ म्हणजे बेट. चांगीहून बोटीनं जायचं. पहिल्या दिवशी आईवडिलांना सोबत येऊ देतात, झोपायची खोली दाखवतात, मुलाबरोबर मेसमध्ये जेवू घालतात. आपल्याकडे लग्नात मुलीला सासरी पोचवायला पाठराखीण जाते ना, अगदी तसं. आमचं घर शेगावच्या महाराजांचं, घरात मांस-मच्छी नाही, त्यामुळे आईला एकच काळजी होती. शाकाहारी ताट वेगळं मिळतं हे तिनं स्वतः पाहिलं, चार घास खाल्ले आणि म्हणाली, “वरण पातळ आहे.” मग आईबाबांची बोट गेली, आणि ती गेल्यावरच न्हावी आला. हा क्रम फार विचारपूर्वक ठेवलेला असावा.

त्यानंतर पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत. नावाऐवजी चार आकडी नंबर. पलंगाची चादर अशी ताणायची की तिच्यावर सुरकुती सापडू नये. चूक एकाची, शिक्षा सगळ्यांना. तिला तिथं ‘तेकान’ म्हणतात. मलय शब्द आहे, दाबणे. आपल्या पीटीच्या सरांच्या अंगठे धरायच्या शिक्षेशी मी मनातल्या मनात तुलना करायचो. सर, तुमची सौम्य होती, पण जास्त वेळ चालायची.

मराठीच्या बाई समोर आहेत म्हणून भाषेचं थोडं सांगतो. सिंगापुरात शाळा, कचेरी, बाजार सगळं इंग्रजीत चालतं, घरोघरी चिनी, मलय, तमिळ. पण परेडच्या आज्ञा मात्र मलयमध्ये देतात. सावधानला ‘सेदिया’. विश्रामला ‘सेनांग दिरी’. दाहिने मूडला ‘के कानान पुसिंग’. पहिले काही दिवस मी शेजाऱ्याकडे पाहून वळायचो आणि तो माझ्याकडे पाहून वळायचा, कारण तो चिनी, त्यालाही काही कळत नव्हतं. आज्ञा न समजण्यात आम्ही दोघं पूर्ण समान होतो. पुढं कळलं की मलयमध्ये भाषेला ‘बाहासा’ म्हणतात, देशाला ‘नगारा’, म्हणजे आपलं नगर, आणि शिक्षकाला चक्क ‘गुरू’. जवळपास चार हजार किलोमीटरवर, डोक्याचा चकोट करून, चिखलात उभं असताना ओळखीचा शब्द कानावर पडला की काय वाटतं, ते इथं खुर्चीत बसून कळायचं नाही.

हा चिनी मुलगा माझा ‘बडी’ झाला. तिथं प्रत्येकाला एक जोडीदार लावून देतात. पाणी प्यायचं बडीबरोबर, राहुटी बांधायची बडीबरोबर, त्यानं रायफलचा पट्टा विसरला की शिक्षा दोघांना. त्याचे वडील टॅक्सी चालवायचे. आमच्या खोलीत एक मुलगा होता, ज्याच्या घरी चार मोटारी होत्या. एक होता ज्यानं शाळा अर्धवट सोडली होती. एक चष्मा काढला की भिंतीला धडकायचा. एकाला दमा. लठ्ठ मुलांना तर घरी पाठवत नाहीत. त्यांचं प्रशिक्षण जास्त आठवड्यांचं ठेवतात आणि वजन उतरवून घेतात. ज्याला पळता येत नाही त्याला कारकुनी देतात, कोठार देतात. काढून टाकणं जवळपास नाहीच. मी हे सारखं मनात टिपत होतो, कारण मला तिसऱ्या रांगेतला तो दिसत होता. इकडं पळणाऱ्यातून निवडायचे होते, आणि तिकडं न पळणाऱ्यालाही सोडायचं नव्हतं.

मला स्वतःला सुरुवातीला एकही पुलअप येत नव्हता. मेसच्या बाहेर लोखंडी दांडे असायचे. जेवायच्या आधी लटकायचं. मी नुसताच लटकायचो, पावसाळ्यात छपराला दोडका लटकतो तसा. शेवटी शेवटी सहा मारायला लागलो. माझा मित्र त्या काळात पातूरला दहाच्या वर मारत होता.

दोन आठवड्यांनी पहिली सुट्टी मिळाली. मी वर्दीतला फोटो फेसबुकवर टाकला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला अंगठा दिला होता. त्याचा दुसऱ्या दिवशी निरोप आला. एवढाच: “वर्दी चांगली दिसून राहिली.” मला काय लिहावं सुचलं नाही. रविवारी संध्याकाळची बोट होती. मी निघून गेलो.

मग आला जंगलातला मुक्काम. सहा दिवस, पाच रात्री. तेकोंगचं जंगल आपल्या घाटासारखं नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत पळस फुललेला असतो आणि खालचं दिसतं. तिथं बारा महिने सगळं हिरवं, ओलं आणि दाट. रानडुकरं राजरोस फिरतात, खाण्याच्या पाकिटाचा वास आला की सामानापर्यंत येतात. आंघोळ नाही, अंगाला पावडर फासायची. तोंडाला हिरवा-काळा रंग. माणूस आडवा मावेल एवढा खड्डा प्रत्येकानं खणायचा. मी शेतकऱ्याच्या घरातला, म्हटलं खणणं तरी आपल्याला जमेल. पण ती लाल चिकणमाती. फावड्याला चिकटते ती सुटत नाही. रात्री एक वाजेपर्यंत खणलं आणि दोन वाजता पाऊस आला. खड्डा भरला. सार्जंटनं शांतपणे सांगितलं, पाणी उपसा आणि आत झोपा.

चौथ्या रात्री आम्हाला गोळा करून बसवलं आणि पत्रं वाटली. ही तिथली रीतच आहे. प्रशिक्षण केंद्र आधीच पालकांना कळवतं, मुलाला पत्र लिहा, आणि मुलांना त्याचा पत्ता नसतो. चार दिवस झोप नाही, अंगाला चिखल, आणि हातात घरचं पत्र. टॉर्चला लाल काच लावलेली, त्या उजेडात वाचायचं. दोन मिनिटांत आजूबाजूला सगळी पोरं रडत होती. चार मोटारीवालाही.

माझे वडील पत्र लिहिणाऱ्यातले नव्हेत. पण ते पत्र मराठीत होतं, ‘चिरंजीव’पासून सुरू केलेलं, आखीव अक्षरात. आजोबांची तूर चांगली झाली. बहिणीला गणितात बरे गुण पडले. आईनं तुझ्यासाठी ठेचा करून ठेवला आहे, पण आणू देतील का विचार. आणि मग मधेच एक ओळ होती. तुझ्या बाकावरच्या मित्राचं तिसऱ्या भरतीत धावणं पास झालं, पण मेडिकलमध्ये गेला, उभं राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून. त्याखाली लगेच दुसरं वाक्य: हे सगळं तुझ्यावर मी आणलं असं तुझी आई म्हणते, तिचं खरं आहे.

मी कशासाठी रडलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. वडिलांच्या वाक्यासाठी असावं. पण गुडघ्याच्या ओळीवर माझा टॉर्च बराच वेळ थांबला होता.

बडीनं त्याचं पत्र घडी करून टोपीत ठेवलं आणि माझ्या पत्राकडे वाकून पाहिलं. त्याला देवनागरी नवी होती. विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, आजोबांची डाळ चांगली झाली. तो म्हणाला, आणि त्यावर तू रडतोयस? मग मी त्याला मित्राचं सांगितलं. तीन वेळा भरती, पहाटे चारला उठणं, दीड किलोमीटर, गुडघे. त्याला पहिल्यांदा काही कळेचना. सैन्यात जाण्यासाठी कुणी स्पर्धा करतो, नापास होतो आणि रडतो, हे त्याच्या जगात बसत नव्हतं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, “त्याला माझी जागा दे ना.”

तेच वाक्य. एकानं पातूरहून म्हटलेलं, एकानं तेकोंगच्या खड्ड्यातून. आणि दोघांच्या मधे मी, जागा धरून.

बाकीचं भराभर सांगतो, कारण घंटा हातात घेऊन संयोजक उभे राहिलेत. शेवटी चोवीस किलोमीटरची चाल असते, पाठीवर सगळं सामान, हातात रायफल. इथून अकोला बत्तीसेक किलोमीटर, म्हणजे अर्ध्याच्या पुष्कळ पुढं गेलात असं समजा. ती तेव्हा रात्रभर चालून पहाटे मरीना बे इथं संपायची. तिथं पाण्यावर तरंगतं मैदान होतं. परेड होते, टोप्या हवेत उडवतात, आईबाप फोटो काढतात. आजोबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी विचारलं, “बंदूक खरी आहे काय?” मी म्हटलं, खरी आहे. मग त्यांना समाधान वाटलं.

पुढची पावणेदोन वर्षं तोफखान्यात गेली. तिथली एक गंमत सांगण्यासारखी आहे. लांब पल्ल्याची तोफ डागायला तालुक्याएवढ्या देशात जागा नाही. म्हणून सिंगापूरचे तोफखानेवाले सरावाला बाहेरदेशी जातात, आणि त्यातलं एक ठिकाण कुठलं, तर आपलं नाशिकचं देवळाली! भारतीय सेनेबरोबर ‘अग्नी वॉरियर’ नावाचा सराव तिथं होतो. यादीत माझं नाव कधी आलं नाही. आलं असतं तर महाराष्ट्रात परदेशी फौजेकडून आलेला पातूरचा माणूस म्हणून तुम्ही मला वेशीवरच अडवलं असतं.

२०१५मध्ये सुटलो. तेव्हापासून नऊ वर्षांत मी चार-पाच वेळा गावी आलो. आजोबांच्या दिवसांना आलो, बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला आलो. प्रत्येक वेळी रेणुकामातेच्या टेकडीवर गेलो, लेण्यांपाशी जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या घरावरून गेलो. आत गेलो नाही. त्याच्या त्या एका ओळीला उत्तर दिलं नव्हतं, आणि दिवस जातात तसं उत्तर महाग होत जातं. त्यानं भेटणं टाळलं असं मी स्वतःला सांगत होतो. टाळत मी होतो. ज्याची मी पंधरा मिनिटं तक्रार केली ते त्याला तीन वेळा मागून मिळालं नाही, आणि फोटो मात्र मी हौसेनं टाकला. तक्रारही माझी, हौसही माझी.

या मेळाव्याच्या निमित्तानं त्यानंच फोन केला. म्हणाला, “येऊन राहिला ना? शनिवारी पाचला ग्राउंडवर ये. संध्याकाळचे नाही, पहाटचे.”

तुमच्यापैकी गावात राहणाऱ्यांना माहीत आहे, मला नव्हतं. तो सोयाबीन-तूर करतो आणि रोज पहाटे भरतीच्या पोरापोरींना पळवतो. फी नाही. काल वीस-बावीस जण होते, त्यात सात मुली, बहुतेक पोलीसभरतीच्या. काही मुलं अग्निवीरची तयारी करताहेत. चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसलाच पुढं ठेवणार, हे त्यांना पाठ आहे, तरी पळताहेत. मला चार वर्षांचा हा हिशेब पटत नाही. पण मला दोन वर्षं नको होती म्हणून मी बोलू नये, हेही कळतं.

त्यानं माझी ओळख करून दिली, “हा माझा बाकावरचा. फौजेत होता.” मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, पण त्यानं शिट्टी वाजवली होती.

एका मुलानं पळता पळता विचारलं, “सर, तिकडं मेडिकलमध्ये काढत नाहीत म्हणतात, खरं काय?” मी म्हटलं, बहुतेक नाही काढत. तो काही बोलला नाही. पुढं निघून गेला. सगळेच पुढं निघून गेले.

सोळाशे मीटर मी सात मिनिटं बारा सेकंदांत काढले. शेवटून पहिला. मित्र घड्याळ घेऊन उभा होता. त्याच्याजवळ एक वही आहे, रोजच्या वेळा त्यात लिहितो. सगळ्यांत खाली माझं नाव लिहिलं, पुढं ७.१२. मी धाप लागलेल्या आवाजात त्याला म्हटलं, तुझ्या त्या निरोपाला मी उत्तर दिलं नव्हतं. त्यानं वहीतून डोकं वर केलं नाही. म्हणाला, “माहीत आहे. नापास आहेस तू. उद्या पुन्हा ये.”

आज पहाटे पुन्हा गेलो होतो. सहा पंचावन्न. त्यामुळे पाय फार दुखताहेत, आणि आता मी खाली बसतो.